चार हात दोर

मी, भीमाशंकर वीरण्णा उमरगे, वय ७१, राहणार बोरतळे, तालुका औसा, जिल्हा लातूर (जन्मलो तेव्हा उस्मानाबाद), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहितो. दडपण आहे ते आतले, त्याला कायद्यात कलम नाही.

~~१. राहते घर व आड, थोरले बंधू लिंगैक्य मल्लिकार्जुन यांच्या पत्नी पार्वतम्मा यांस.~~

२. मुंबईच्या गोदीत शिडे शिवताना वापरलेल्या सुया अण्णाराव टेलर यांस. माझी कात्री त्यांनी १९७९ साली नेली, ती आधी परत करावी.

३. शिडाची नाव व तिची फिरकी नावेवरचे माझे सोबती रेवणप्पा यांस. कारण लिहितो.

नवा जिल्हा झाला आणि तिसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. तलावात उरलेले पाणी मोजायला माझी नाव घेतली. दोर ओढून पुढचे शीड गुंडाळणारी फिरकी मी भंगारातून निवडली होती. मोठ्या चाकाची सोडून लहान, देखणी. वारा पडलेला असताना बसवून पाहिली. बारा वेढ्यांत शीड गुंडाळले, चार हात दोर उरला. वाऱ्यात शीड घट्ट वळते, वेढे जास्त लागतात, हे गोदीतल्या उस्तादांनी मला शिकवले होते. तरी उरलेला दोर कापून आडाच्या दोराला जोडला, कारण वहिनींचा पोहरा आडाच्या पाण्याला पोचत नव्हता.

मोजणीच्या दिवशी वावटळ उठली. दोर रेवणप्पाच्या हाती होता. "दोर संपला, भीमाअण्णा! शीड उघडंच हाय!" तो ओरडला. नाव उलटली. नावेत बसलेले मल्लिकार्जुनदादा गाळात अडकले आणि गेले. संध्याकाळी मी गुपचूप फिरकीचा दोर बदलला. गाव म्हणाले, रेवणप्पाचा हात ढिला. मी मान डोलावली. त्याची मला आजही लाज वाटते. रेवणप्पा गाव सोडून भोकरला गेला. वहिनी अकरा वर्षे त्याच चार हात दोराने पाणी ओढत राहिल्या.

काल हे त्यांना वाचून दाखवले. ऐकून त्या उठल्या. मग आडावर जाऊन तो तुकडा सोडून आणला आणि म्हणाल्या, "साक्ष मी देते."

मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, घर हातचे जाईल, असे वकिलांनी बजावले.

"घर नगं मला. रेवणप्पा माफी मागाया आल्ता तवा पानी बी न देता माघारी लावलं त्याला. घर बी त्यालाच द्या. त्यानं ठिवलं तर ऱ्हाईन."

म्हणून कलम १ खोडले. घर व आडही रेवणप्पास. दोराचा तुकडा या कागदांना बांधला आहे.

बोरतळे, ता. १४ मे १९९६
सही: भी. वी. उमरगे

साक्षीदार:
१. पार्वतम्मा मल्लिकार्जुन उमरगे (डाव्या हाताचा अंगठा)
२. डॉ. अमृतराव शिवलिंग हत्ते