ह्यांच्या पाठीखालची चादर

७ एप्रिल, मंगळवार
आग लागो त्या चादरीला. निळी, वर ताटाएवढाली गुलाबं, हात ठेवला की सर्रकन घसरतो. वैशालीने मोबाइलवर मागवली. सून शिकलेली, ऑफिसला जाते, पण कापड म्हणजे काय ते हिला कोणी शिकवलं नाही. ह्यांना अर्धांग होऊन चार महिने झाले, चोवीस तास बिछान्यात, एकेक शब्द फुटायलाही वेळ लागतो. आज कुशीवर वळवलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा. पाठ घामाने चिंब.
म्हटलं, "अगं, ही चादर घाम पीत नाही. माणूस उकडतोय वर."
"आई, धुवायला सोपी आहे. लगेच वाळते."
वाळते कारण भिजतच नाही मेली.

१० एप्रिल, शुक्र.
मंगल सिस्टर दर शुक्रवारी ह्यांना तपासायला येते. चट्टा बघून म्हणाली, ही चादर काढा, सुती घाला, दोन-दोन तासांनी कूस बदला. वै.च्या तोंडावर म्हणाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.
पण संदीप तिथेच उभा होता. सिस्टर गेल्यावर म्हणतो, "आई, तुला झेपत नाही आता. आंबिवलीला एक केंद्र आहे, झोपून असलेल्यांना सांभाळतात. पाठ फाटली तर बाबांना तिकडे ठेवू."
जसं काही पंखा दुरुस्तीला टाकायचाय.
विचारलं, "किती दिवस?" तर मोबाइल बघायला लागला.

११ एप्रिल, शनि.
कल्याणला जाऊन चादरी आणल्या. दुकानदार सगळ्यांनाच 'प्युअर कॉटन' म्हणतो. मी बोट ओलं करून टेकवलं. थेंब वरच बसून राहिला. दुसरी. तीच गत. तिसरीने थेंब गिळला. तरी कडेचा एक दोरा ओढला आणि पिशवीतली काडेपेटी काढली.
"ओ आजी! दुकान पेटवता का?"
"दोराच जाळतेय. तुझं कापड खरं असेल तर घाबरतोस कशाला?"
राख झाली, जळक्या कागदाचा वास आला. सूत. नायलॉनचा असता तर काळी गोळी झाली असती. दोन घेतल्या, पांढऱ्या. डाग पडला की दिसायला पाहिजे. गुलाबांत काय दिसणार, रक्त का फूल?
बाहेर पडताना मागून म्हणतो, "आजी, पुढच्या वेळी फोन करून या. पाण्याची बादली भरून ठेवतो."

१३ एप्रिल, सोम.
चादरी धुतल्या. मशीनला हात लावू दिला नाही. चौथीत शाळा सुटली माझी, पण कल्याणला लॉजवर सोळा वर्षं चादरी धुतल्यात. मला कोणी शिकवू नये. गच्चीवर नाही घातल्या. कंपन्यांच्या धुराड्यांकडून वारा होता, वास मारतो आणि काळे ठिपके बसतात. आतल्या खोलीत दोरीवर. साबुदाण्याची खळ दिली, घट्ट. कडक इस्त्री. वै.ला एक टोक धरायला लावून ढोलासारखी ताणून घातली. एक सुरकुती नाही.
"बघ, ह्याला चादर म्हणतात."
वै. म्हणाली, "छान दिसते." दिसते म्हणे.

१६ एप्रिल, गुरु.
पाठ फाटली. चट्टा होता तिथलं कातडं गेलं. ओलं, लाल मांस.
घर डोक्यावर घेतलं मी. वै.ला म्हटलं, तुझ्या पाळीला तू कूस बदलत नाहीस, मोबाइल बघत बसतेस. तुझा बाप असता तर? तिचा बाप वारलाय. मला माहीत होतं. तरी बोलले.
ती जेवली नाही. मी जेवले.

१७ एप्रिल, शुक्र.
सिस्टरने जखम धुतली, पट्टी लावली. मग चादरीवरून तळहात फिरवला, परत फिरवला.
"आजी, खळ घातलीय का?"
"घातली की. साबुदाण्याची."
"अहो आजी, नाजूक कातडं आहे. खळीची चादर खरवडते. कूस बदलताना दर वेळी घासलं असणार."
दर वेळी म्हणजे मीच. दोन-दोन तासांनी, घड्याळ लावून.
वै. दारात उभी होती, हातात गरम पाण्याचं पातेलं. सगळं ऐकलं. पातेलं ठेवलं आणि गेली. एक टोमणा मारला असता तर फिटलं असतं. तेवढंही नाही. घुमी मेली.

१८ एप्रिल, शनि.
जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरी पाहिजेत. कपाट उपसलं. एक नाही. कोणी दिल्या म्हणून ओरडणार होते, मग आठवलं. मीच. दिवाळीआधी बोहारणीला दिल्या, झाकणाच्या डब्यावर. वर तिच्याशी भांडले, झाकण सैल आहे म्हणून. कोणावर ओरडू आता? डब्यावर?
गरम पाण्यात खळ काढायला बसले. तीन पाणी झाली तरी बुळबुळीत. चौथ्याला वै. आली, ऑफिसच्याच कपड्यात. दुसरं टोक धरून पिळायला लागली. माझ्या उलट्या बाजूने, तसंच पाहिजे. हिला कोणी सांगितलं?
"आई, लॉजवर खळ कशाला द्यायचे?"
"नवी दिसायला. गिऱ्हाईक एक रात्र झोपतं नि जातं."
"आणि बाबा चार महिने."
मी पाणी बदललं.
परवाचं बोलणं चुकलं असं सांगायचं होतं. त्याऐवजी म्हटलं, नीट पीळ, पाणी राहतंय.

२२ एप्रिल, बुध.
रोज एक धुते, एक घालते. सहा धुण्यांत कापड वळणावर आलं. आता चुणी पडते, म्हणून दर खेपेला हाताने सारखी करायची. शिवण पायाकडे, पाठीखाली नाही.
संदीपने मला न विचारता आंबिवलीला कळवून टाकलं. रविवारी अकराला तिथली बाई बघायला येणार.
"आई, जखम तुझ्या हातून झाली ना? मग?"
खरं बोलला. म्हणून जास्त चीड आली. त्याचं ढुंगण पुसलेले हात आहेत हे, तेव्हा कोणी केंद्र शोधलं नव्हतं.
वै. त्याला म्हणाली, "तू एकदा तरी कूस बदललीस का?" नवऱ्याला, माझ्यासमोर.

२४ एप्रिल, शुक्र.
सिस्टर: "कडा गुलाबी दिसतायत. वास नाही. पण आजी, आत्ताच काही सांगत नाही हां."
ह्यांना विचारलं, आंबिवलीला जायचंय का? ओठ हलले, लाळ आली, डोळे पाण्याने भरले. शब्द बाहेर येईपर्यंत कुकरची शिट्टी झाली नि मी उठले. परत आले तर डोळे मिटलेले.
मीही थांबले नाही. दुसऱ्यांना काय बोलू?

२६ एप्रिल, रविवार, सकाळ
चादर बदलली. वै.ने वळवलं, मी ओढली. अकरा वाजायला तासभर आहे. संदीप इस्त्रीचा शर्ट घालून बसलाय, जणू मुलगी बघायला जायचंय.
हे पान मी टेबलावर उघडं ठेवतेय. दोघांनी वाचा. वैशाली, तू चहा ठेव आणि गप्प बस. संदीप, तू नुसता गप्प बस. ती बाई तुला विचारेल, मलाही विचारेल, ठेवायचं का न्यायचं. आपण तिघांनीही तोंड उघडायचं नाही. पाठ ह्यांची आहे. तिला म्हणायचं, खुर्ची खाटेजवळ घ्या आणि त्यांना विचारा. शब्द फुटायला अर्धा तास लागला तर अर्धा तास बसायचं, कुकरसुद्धा लावायचा नाही. उत्तर हेच देतील.