झाकली मूठ

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

या हातांनी केलेल्या वस्तू दाजींना वाचून दाखव, म्हणजे मला रिकामटेकडा म्हणणं थांबेल: धुलाईयंत्राच्या मोटरीवर फिरणारं चाक, मोडीतल्या बॉयलरच्या विटांची भट्टी, पंख्याच्या जाळीची चाळण आणि चौदा माठ. पैकी अकरा भट्टीत तडकले. उरलेल्या तिघांना टिचकी मारली की खोकतात.

आईचंच प्रमाण धरलं, घमेलंभर मातीला तीन मुठी राख. चुलीची नाही, आमच्या शेजारचा कारखाना फेकून देतो ती. अंदाजपंचे कारभार नाही. मूठ काट्यावर तोलली, एकशे दहा ग्रॅम. मग चुकलं कुठं? पुढची भट्टी फुटली तर चाक भंगारात जाईल, असं हिनं माझ्याकडून वदवून घेतलंय.

लोभ आहेच, धीर पाठव.
तुझा भाऊ

१५ जानेवारी

चि. वजनकाट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ह्यांचा चष्मा चहात पडला. अरे शहाण्या, तोललीस ती मूठ कोणाची? तुझा पंजा म्हणजे फावडं. शेंगदाण्यांच्या डब्यात आई तुला हात घालू देत नसे, आठवतं? प्रमाण तिच्या मुठीचं. तिच्या बांगड्या मला बसतात, तेव्हा मूठही माझीच धर. पुरचुंडीत माझ्या तीन मुठी वाळू बांधली आहे. तोलू नकोस, वाळू जड असते. पेल्यात ओत आणि रेघ मार.

लोभ वाढवावा, राख कमी करावी.
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पुरचुंडी देताना पोस्टमननं हलक्या आवाजात विचारलं, कोण गेलं? म्हटलं, अजून कोणी नाही, भट्टी पुढच्या आठवड्यात आहे.

रेघेपर्यंतच राख घातली. चौदाच्या चौदा माठ शाबूत, घंटेसारखे वाजतात. ही दिवसभर टिचक्या मारत फिरते. काल माझ्या डोक्यावर मारली आणि म्हणाली, हे मात्र कच्चंच राहिलं.

वास लागून कारखान्याचे साहेब आले. त्यांना माठ नको, त्यांनीच फेकलेल्या राखेचं प्रमाण हवं. ते विकलं की मी पुन्हा असा माठ घडवायचा नाही, अशी अट. रक्कम ऐकून मला हसू आवरेना. मी कबूल झालो असं समजून त्यांनी हात पुढे केला. मी मिटलेली मूठ पुढे केली.

आता बांगड्या सावरून ये, पुढची माती तूच मळायची. लोभ भाजून पक्का झालाय, तसाच वाजता ठेव.
तुझा भाऊ

ता. क. साहेबांना म्हण ठाऊक नसावी. आईच्या मुठीचे देऊ केलेले आणि मी नाकारलेले: सव्वा लाख, ना एक रुपया कमी, ना जास्त.