आरशासारखी प्लेट

३ जून
पीएचडीचं सातवं वर्ष, म्हणजे तसं शेवटचंच. विंड टनेलमध्ये, म्हणजे पंख्याने हवा सोडतात त्या बोगद्यात, माझी अॅल्युमिनियमची प्लेट बसवली. पुढच्या कडेपासून साठ सेंटिमीटरपर्यंत हवा शिस्तीत, थराथराने वाहते. मग टर्ब्युलन्स, म्हणजे नुसता गोंधळ. वीस तारखेला परीक्षक येणार. संकल्प: तोवर शिस्त एक मीटरपर्यंत नेणे.

५ जून
पृष्ठभागाची खडबड हवेला डिवचते. मग प्लेट घासायची, संपलं! वर्कशॉपच्या मिस्त्रीने हजार नंबरचा पॉलिश पेपर दिला. हजार! मी ऐंशीचा मागून घेतला. नंबर कमी, खडबड कमी. तो काहीतरी सांगायला लागला. म्हटलं, मी वर्कशॉपमध्ये वाद घालत नाही.

९ जून
तीन तास घासलं. शिस्त चाळीस सेंटिमीटर. सेन्सर बिघडलाय.

१० जून
सेन्सर बदलला. नवाही बिघडलेलाच.

१३ जून, दुपारी ३
आणखी घासलं. पंचवीस. दोष पंख्याचा. गाईड सर म्हणाले, त्याच पंख्यावर ज्युनिअरचं काम छान चाललंय. ही मुलगी रोज माझ्या प्लेटची खडबड मोजून टिपून ठेवते. शिकण्याची हौस आहे. मी अडवत नाही.

१५ जून, रविवार
प्लेट घरी आणून घासली. बायकोने हात फिरवला आणि विचारलं, किसणी कशाला आणलीस? तिला संशोधनातलं कळत नाही.

१९ जून
बारा. खांदा धरलाय. उद्या परीक्षकांना सांगायचं, की हवेचं वागणं शास्त्राला धरून नाही.

२० जून
परीक्षकांनी प्लेटवर बोट फिरवलं, मग बोट तपासलं. कागद कुठला? ऐंशी, मी ताठ मानेने सांगितलं. मिस्त्री खोकला आणि म्हणाला, नंबर मोठा तितका कागद बारीक असतो. मी विचारलं, आधी का नाही बोललास? तर म्हणे, तुम्ही वाद घालत नाही ना.
तेवढ्यात ज्युनिअरने आलेख मांडला. खडबड जसजशी वाढली, तसतसा गोंधळ पुढच्या कडेकडे सरकत गेला. एक ठिपका रेषेबाहेर नाही. परीक्षक खुश. इतक्या पद्धतशीरपणे बिघडवलेली प्लेट त्यांनी पाहिली नव्हती म्हणे.

२७ जून
आठव्या वर्षाचा फॉर्म भरला. ज्युनिअरच्या पेपरमध्ये शेवटी माझे आभार आहेत, खडबडीबद्दल. सरांनी विचारलं, तिला आणखी तीन प्लेटा खराब करून द्याल का? मी लगेच हो म्हटलं. सात वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं काम मागितलं.