छप्पर माझं, पेटी त्याची

मी, थर्झा मे लस्कम, वय वर्षे एकोणऐंशी, अविवाहित, राहणार हेजबँक, उजवीकडचं घर, मौजे ॲशकूम, परगणा डेव्हन, आज स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कंबर नाही, पण मृत्युपत्राला कंबर लागत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असा एकच माणूस भिंतीपलीकडे राहतो आणि तो गेली बावीस वर्षं माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

कलम १. याआधी मी तीन मृत्युपत्रं केली, ती सगळी या लेखाने रद्द समजावीत. त्यातलं १९८८ सालचं रागाच्या भरात लिहिलं होतं आणि त्यात माझी सगळी मालमत्ता म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमाला जात होती. राग तेवढाच आहे, पण गाढवांची सोय आता दुसऱ्या लोकांनी केली आहे.

कलम २. घराचा माझा अर्धा भाग, त्यातलं सामान आणि पोस्टातली बचत ही माझ्या मावसबहिणीची मुलगी एस्मे हिला मिळावी. ती प्लिमथला शाळेत शिकवते. पाच वर्षांची असताना तिने मला विचारलं होतं, “मावशी, गांडुळाचं तोंड कुठल्या बाजूला?” एवढा शहाणा प्रश्न मला या घरात दुसऱ्या कोणी विचारला नाही. एस्मेला एकच सूचना: वरच्या मजल्यावर दोन घरांच्या मधलं जे दार फळ्या ठोकून बंद केलेलं आहे, ते उघडू नये. भिंतीपलीकडच्या माझ्या भावाने, क्लेमंटने, ते आपल्या बाजूने बंद केलं. काम नीट केलं आहे, हे कबूल करायला हवं. वाराही येत नाही.

कलम ३. फुलांच्या प्रदर्शनाच्या चिटणीस श्रीमती ओटिली व्हॉयसी यांना माझा वाचायचा चष्मा द्यावा. तो लावून पाहिला तर प्रदर्शनाच्या एका कार्डावर दोन नावं आरामात मावतात, हे त्यांना दिसेल. सोबत प्रदर्शनाच्या नियमांची माझी प्रतही द्यावी. नियम अकरा, ‘एका कार्डावर एकच नाव’, मी अधोरेखित केला आहे. समासातले शब्द त्यांनी वाचावेत, मोठ्याने वाचू नयेत.

कलम ४. स्वयंपाकघरातली ती खुर्ची, जिच्यावरून मी गेल्या मार्चमध्ये पडले, ती माझा थोरला भाऊ क्लेमंट जॉन लस्कम याला द्यावी. एक पाय मोडलेला आहे, तो दुरुस्त न करता द्यावी. त्याच्या खोपट्यात साडेतीन मीटरची शिडी आडवी पडलेली असताना त्याच्या बहिणीला एकोणऐंशीव्या वर्षी खुर्चीवर का चढावं लागलं, याचा विचार त्याने त्या खुर्चीवर बसून करावा. बसता आलं तर.

कलम ५. मागच्या बागेतलं पाखरांचं घर. खरं म्हणजे मी या कलमासाठीच लिहायला बसले आहे. बाकीची कलमं वकीलसाहेबांना बरं वाटावं म्हणून आहेत.

आमच्या दोन बागांच्या मधे मातीचा उंच बांध आहे, त्यावर ओकच्या खांबावर हे घर उभं आहे. खालची पेटी लार्चच्या फळ्यांची, ती क्लेमंटने केली. तो आयुष्यभर सुतार होता आणि हात चांगला होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भोक पुढच्या बाजूला, बरोबर निळ्या टोपीच्या टिट पाखरांना जाता येईल एवढं. चिमण्यांना नाही, मांजरीच्या पंजाला तर नाहीच. वरचं छप्पर मात्र माझं आहे. गिलावा, माती, शेवाळ, रोपं, सगळं.

छप्पर कसं केलं ते इथे लिहून ठेवते, कारण ज्याने केलं त्यालाच ते सांगता येतं. उतारावर माती ठरत नाही. म्हणून आधी मी आडव्या पट्ट्या ठोकल्या, त्यावर जुन्या पोत्याचं कापड ताणून बसवलं, आणि पिवळी चिकणमाती नि गाईचं शेण निम्मं-निम्मं मळून दोन बोटं जाड गिलावा दिला. गिलाव्यात नदीची जाड वाळू घातली, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. वळचणीला मोठी रोपं, आढ्याकडे बारीक, मधल्या फटींत शेवाळ. पहिले सहा आठवडे पाणी घालायचं नाही, नुसतं शिंपडायचं. शेणाची बादली घेऊन मी खोपट्यात आले तेव्हा क्लेमंट दारात आडवा उभा राहिला.

“माझ्या लार्चवर शेण लावणार तू?”

“आईने अख्ख्या घराच्या छपराला लावलं होतं. ते अजून उभं आहे.”

“आईने दगडी पाट्यांवर लावलं होतं. हे लाकूड आहे, थर्झा.”

“मग लाकडाच्या शोकात टोपी काढून उभा राहा, पण बाजूला हो.”

तो बाजूला झाला. नंतर त्यानेच मला पट्ट्या कापून दिल्या, न सांगता. तो सबंध हिवाळा आम्ही त्या खोपट्यात घालवला, तो पेटीशी, मी छपराशी, एकच चहाची किटली दोघांत. त्या हिवाळ्याइतकी सुखात मी ना आधी होते ना नंतर. याला कायद्यात किंमत नाही, तरी लिहिते.

रोपं आईच्या छपरावरची. जाड पानांची, जमिनीलगत गोल बसणारी. आमच्याकडे ती घरावर लावतात, म्हणजे वीज पडत नाही. त्यांचं गावठी नाव लांबलचक आहे: ‘कितीही पिऊन ये रे नवऱ्या, घर तुझंच’. मला नवरा नव्हता. पिऊन येणारा भाऊ होता, आणि तीस वर्षं दार मीच उघडलं.

आता ऑगस्ट १९८८. गावच्या प्रदर्शनात ‘लाकडी वस्तू’ या वर्गात आमचं घर ठेवलं होतं. मी चहाच्या मांडवात कप भरत होते. एक्सेटरहून आलेले परीक्षक घराभोवती तीनदा फिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “छप्पर अप्रतिम आहे. पेटी ठीक.” मग पहिलं बक्षीस जाहीर झालं, आणि क्लेमंटने टोपी उचलून सगळ्यांना दाखवली. मी हात पुसत गेले आणि कार्ड वाचलं. ‘सी. लस्कम. सर्व काम स्वहस्ते.’ खाली त्याची सही. हे शब्द प्रत्येक कार्डावर छापलेलेच असतात; स्पर्धकाने फक्त सही करायची असते. त्याने केली.

“क्लेम, माझं नाव कुठाय?”

“एकच नाव चालतं म्हणे. व्हॉयसीबाईंना विचार.”

“मग माझं का नाही लिहिलंस?”

“लाकडाच्या वर्गात बाईचं नाव? लोक हसले असते मला.”

मी हातातलं फडकं खाली टाकलं आणि सगळ्या मांडवादेखत त्याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हटलं. ते मी आजही मागे घेत नाही. तो बक्षिसाचा कप उचलून गेला. सोमवारी मधलं दार बंद झालं.

तेव्हापासून तो माझ्याशी कुत्र्यामार्फत बोलतो. आताचा बोसन हा या कामावरचा तिसरा कुत्रा. “बोसन, त्या बाईला सांग, तिच्या वेली माझ्या बाजूला आल्यात.” “बोसन, त्या बाईला सांग, शिडी माझी आहे.” मार्चमध्ये मी छपरावर उगवलेलं गवत काढायला खुर्चीवर चढले, खुर्चीचा पाय मातीत रुतला आणि मी बांधावरून त्याच्या कोबीत जाऊन पडले. तो आला, वाकून पाहिलं, आणि म्हणाला, “बोसन, ही बाई पडली. हिला सांग हलू नको, मी फोन करतो.” अंगातला कोट काढून त्याने माझ्यावर टाकला. मी म्हटलं, “बोसन, तुझ्या मालकाला सांग, हा कोट धुवायला झालाय.” त्याचे आभार मानायचे राहिले आहेत. या मृत्युपत्राने ते मानले गेले असं समजू नये.

मला तो कप नको. कप त्याच्या खिडकीत काळा पडतो आहे, पडू दे. मला एक ओळ हवी आहे. छप्पर कोणाचं, ही एक ओळ, त्याच्या हातची. बावीस वर्षं मी तेवढ्याचीच वाट बघते आहे आणि आता माझी कंबर म्हणते की फार वाट बघू नकोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं गावात माझ्याबद्दल म्हणतात. बरोबर म्हणतात. तरी व्यवस्था अशी:

(अ) क्लेमंटने स्वतःच्या हाताने, शाईने, छप्पर संपूर्णपणे माझं काम आहे असं लिहून सही केली, तर ते छप्पर रोपांसह कायमचं त्याला मिळावं आणि पेटीवर आहे तसंच राहावं.

(आ) त्याने लिहिलं नाही, किंवा अन्य कोणत्याही कारणाने छप्पर त्याच्याकडे जाऊ शकलं नाही, तर ते अख्खं उचलून माझ्या थडग्यावर ठेवावं. एक तरी छप्पर माझ्या नावावर असू दे. खाली उरलेल्या पेटीला मग त्याने हवं तर पत्रा ठोकावा.

(इ) काहीही झालं तरी एप्रिल ते ऑगस्ट कोणीही छपराला हात लावू नये. आत पिल्लं असतात. त्यांचं आमच्याशी भांडण नाही.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला भाषण नको. बोसनला पुढच्या बाकावर बसवावं, कारण या घराण्यात माझ्याशी नीट वागलेला तो एकटा आहे. क्लेमंट आला तर त्याने जिथे जागा मिळेल तिथे बसावं.

साक्षीबाबत. माझ्या सहीच्या वेळी दोन साक्षीदार हजर लागतात. पहिली साक्षीदार टपाल घेऊन येणारी तान्या हॅनाफोर्ड ही सकाळपासून वेळ काढून आली आहे. दुसऱ्या साक्षीसाठी मी व्हॉयसीबाईंना बोलावलं होतं. दारात येताच त्यांनी विचारलं, “यात माझ्यासाठी काही आहे का?” मी आहे म्हटलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, हा कायदा त्यांना पाठ आहे, म्हणून त्या लगबगीने परत गेल्या. त्यांना काय मिळणार हे मी सांगितलं नाही.

तेव्हा तान्याने खिडकीतून बांधापलीकडे हाक मारली, आणि क्लेमंट आला. बूट न पुसता. जे झालं ते झालं तसं इथे लिहिते, म्हणजे पुढे कोणी शंका घेऊ नये.

“बोसन, हिला विचार, सही कुठे करायची.”

“काका, कुत्र्याशी बोलत बसायला मला वेळ नाही,” तान्या म्हणाली. “अजून नऊ घरांचं टपाल आहे माझ्याकडे.”

त्याने कागद उचलले.

“साक्षीदाराने वाचायचं नसतं,” मी म्हटलं.

“मग एवढ्या मोठ्या अक्षरात कशाला लिहिलंस?”

हे तो मला म्हणाला. कुत्र्याला नाही. तान्याने ऐकलं आहे.

पाचवं कलम त्याने उभ्यानेच वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटी मी म्हटलं, “हे बघ क्लेम, तू साक्षीदार झालास तर तुला यातलं काही मिळणार नाही. ओळ लिहिलीस तरी नाही. छप्पर थडग्यावर जाईल. थांब हवं तर, तान्या दुसऱ्या कोणाला तरी आणेल.”

“मला समजतं वाचलेलं,” तो म्हणाला. “पेन दे.”

तो समोर हात पुढे करून उभा आहे आणि मी लिहीत बसले म्हणून उसासे टाकतो आहे. पेन एकच आहे. तेव्हा इथे थांबते. वर लिहिलेलं सगळं माझं आहे, समजून-उमजून लिहिलं आहे, आणि या दोघांच्या डोळ्यांदेखत खाली सही करते.

ठिकाण: ॲशकूम, डेव्हन
मंगळवार, १४ सप्टेंबर २०१०

(सही) थर्झा मे लस्कम

आमच्या समक्ष वरील सही झाली. त्यानंतर आम्ही दोघांनी एकमेकांसमोर व तिच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १. (सही) तान्या हॅनाफोर्ड. मिल लेन, ॲशकूम. पेशा: टपाल वाटप.

साक्षीदार २. (सही) क्लेमंट जॉन लस्कम. हेजबँक, डावीकडचं घर. पेशा: सुतार, निवृत्त.

छप्पर थर्झाचं. संपूर्ण तिच्या हातचं. पहिल्या वर्षापासून गळतं. दर ऑक्टोबरात ती बाजाराला गेली की मी आतून बुजवतो.