दुखणं माझं, बोट सासूबाईंचं

भोर, ४ डिसेंबर १९३६
ओटीपोटात पुन्हा तेच. डाव्या अंगाला पीळ पडतो, उभं राहवत नाही. वाकूनच भाकऱ्या थापल्या. सासूबाई म्हणाल्या, "लगीन होऊन इतकी वर्सं झाली, कूस उजवंना, मग दुखंल न्हाई तर काय?" वा! दुखणं हाही माझाच गुन्हा.

७ डिसें.
हे डॉक्टरांकडे घेऊन गेले. संगती सासूबाई. सुनेनं परक्या पुरुषाशी बोलायचं नाही, म्हणून मी पदर ओढून भिंतीशी. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, ह्यांनी सासूबाईंना. त्यांनी स्वतःच्या पोटावर बोट ठेवलं, बेंबीच्या चांगलं वर! "हितं दुखतंय तिला." ओटीपोट पुरुषांपुढं कसं दाखवायचं! मिळाल्या पित्ताच्या पुड्या.

२० डिसें.
पुड्या संपल्या. तोंड कडू, दुखणं जिथल्या तिथं. अंगावरून जातं, संध्याकाळी कणकण. त्यावर अंगारा.

सारोळे, ९ जाने. १९३७
माहेरी. दादानं कुणाला न विचारता मोटारीनं पुण्याला नेलं, बाईडॉक्टरांकडे. त्यांनी मलाच विचारलं. कुठं, कधीपासून, पाळीत कसं, नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं का. मला रडूच आलं. मग नीट तपासलं. "गर्भाशयाच्या बाजूला सूज आहे. नवऱ्याकडून आलेला रोग आहे हा. त्यांनीही औषध घ्यायला हवं, नाहीतर तुमचं पुन्हा उलटेल."
म्हणजे परमा, बाहेरख्याली पुरुषांचा रोग. लग्नाआधीचा की... जाऊ दे. का म्हणून जाऊ दे?

भोर, १८ जाने.
ह्यांना सांगितलं. ताट भिरकावलं. "मला रोग? शहाणपण शिकून आलीस!" पुण्याला येणार नाहीत. बाईंनी मला पडून राहा, शेक घे म्हटलंय. इथं पडू कोण देतंय? मला मेलीला शेक चुलीपुढंच.

२ फेब्रु.
ह्यांच्यासाठी आंबवड्याची मुलगी बघतायत. सोळाची आहे. "वंसाला दिवा नगं व्हय?" इति सासूबाई.

५ फेब्रु.
उद्या पसंतीला जायचं. थोरली बायको राजी दिसावी म्हणून मलाही नेतायत. "तितं त्वांड उघडू नगं, पोरीला कुंकू लाव फकस्त." बरं म्हटलं.
तिची आई चुलीपाशी एकटी सापडली तर? सांगितलं तर हे घरात ठेवायचे नाहीत. दादाकडे तरी किती दिवस?
आणि गप्प बसले तर त्या पोरीला कुंकू मीच लावलेलं असेल.