चूल बाबांच्या हद्दीत

नेब्रास्का, ३ एप्रिल १८८४

तीर्थस्वरूप ओतिलिए मावशीस अपोलेनाचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघेदुखीला उतार पडला असेल, काकांचा खोकला गेला असेल आणि कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या असतील, असं धरून चालते. (तसं नसेल तर हे वाक्य खोटं ठरेल, म्हणून त्याच्याआधी "देवाच्या मनात असेल तर" एवढं जोडून वाच.) आम्ही इकडे सगळे ठीक, आईची दाढ सोडून.

परवा मी जमीन कचेरीत जाऊन शपथ घेऊन आले. इथलं सरकार एकवीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीलाही एकशे साठ एकर देतं. अट एवढीच, की पाच वर्षं आपल्याच जमिनीवर राहायचं आणि मग साक्षीदार नेऊन तसं शपथेवर सांगायचं. माझी पाच वर्षं आता भरली. बाबांची जमीन माझ्या जमिनीला लागून. दोन घरं बांधायला या माळावर लाकूड कुठलं? म्हणून बाबांनी गवतासकट कापलेली मातीची ढेकळं रचून बरोबर हद्दीवर एकच घर उभं केलं, अर्धं त्यांच्यात, अर्धं माझ्यात, आणि आत चुन्याची रेघ मारली. माझी खाट रेघेच्या अलीकडे, त्यांची पलीकडे. कायदा खूश. फक्त चूल एकच होती, आणि ती बाबांच्या हद्दीत.

साक्षीला शेजारचा कुबेश आला होता. कारकुनानं त्याला विचारलं, "ही बाई रोज तिथंच झोपते, हे तुम्हाला कसं ठाऊक?" बाबा मिशी चावू लागले. कुबेश म्हणाला, "साहेब, वारा पूर्वेचा असला की हिचं घोरणं माझ्या गोठ्यापर्यंत येतं. गाई उठून बसतात." सगळी कचेरी हसली. (मी घोरत नाही. आई म्हणते, थोडंसंच.)

मग माझी पाळी. बाबांनी वाटेत दहादा पढवलं होतं, "पोरी, 'नाही' म्हणायचं अन् तोंड मिटायचं." पण कारकुनानं "जमीन सोडून दुसरीकडे कधी राहिलात?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "स्वयंपाकाला रोज तीनदा जाते."

"कुठं?"

"बाबांकडे."

"किती लांब?"

"दोन पावलं. आणि थंडीत कधी झोपेत कूस बदलली, तर..."

"पाच वर्षं माती फोडली," बाबा ओरडले, "आणि ही कार्टी कुशीवरून जमीन घालवतेय!"

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. "बाई, या खुर्चीत मला नऊ वर्षं झाली. खरं बोलणाऱ्यांसाठी कुठला अर्ज असतो, ते मला कुणी शिकवलेलं नाही." मग "कूस आमच्या अखत्यारीत येत नाही" असं पुटपुटत त्यानं शिक्का मारला. जमीन माझी झाली. घरी पोहोचेपर्यंत बाबा माझ्याशी बोलले नाहीत. बैलांशी मात्र माझ्याविषयी पुष्कळ बोलले.

घरातल्या थोरांच्या पाया पडते, धाकट्यांना पापा.

तुझी,
अपोलेना

ता. क. तुमच्याकडचं कुणी या उन्हाळ्यात इकडे येणार असेल, तर हंसाच्या पिसांची एक दुलई पाठव. जरा रुंद. कुबेश अंगानं मोठा आहे. (जमीन नावावर होईपर्यंत मीच त्याला थांबवून ठेवलं होतं.)

आणखी ता. क. "झोपेत" म्हटलं ते खरं नव्हतं. पाचही हिवाळे मी टक्क जागी असताना उशी काखोटीला मारून चुलीपाशी जात होते. परवापासून घास उतरत नाही. माझं नाव न घेता तुमच्या पाद्रीबाबांना विचार, एवढ्यासाठी जमीन परत करावी का? "नको" म्हणाले, तर लगेच कळव. "करावी" म्हणाले, तर घाई करू नकोस. इकडे गव्हाची पेरणी सुरू झाली आहे.