दोन नळ्या

४ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! तिसऱ्या मजल्यावर छोटंसं केंद्र, पिवळट भिंती, आणि मला स्वतःचं टेबल, तेही खिडकीपाशी. ज्यांच्या घराण्यात कॅन्सर फिरतो अशी माणसं इथे येतात. डॉक्टरीणबाई त्यांच्याशी बोलतात, मग रक्त घेऊन जनुकांची तपासणी होते. नळ्यांवर नावाची लेबलं चिकटवायची आणि घराण्याचा तक्ता काढायचा, हे माझं काम. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. आजार झाला की काळा करायचा, माणूस गेलं की तिरकी रेघ. धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं तर म्हणते, "म्हणजे ताई, लोकांच्या खानदानावर काट मारायचा पगार घेणार तू!" हसून हसून पोट दुखलं.

८ मार्च
डॉक्टरीणबाईंनी सरावासाठी माझ्याच घरचा तक्ता काढायला लावला. आजी काळी, रेघ. मोठी मावशी काळी, रेघ. आई काळी, रेघ; बेचाळिसाव्या वर्षी. खाली दोन पांढरे गोल, मी आणि धाकटी. ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या सगळ्या एका कागदावर अशा ओळीने कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. बाईंनी चष्मा काढून ठेवला. सक्ती नाही, पण दोघींनी तपासून घ्या म्हणाल्या.

१२ मार्च
धाकटी आली. सुईला घाबरते, माझा दंड घट्ट धरून बसली. नर्सने दोघींचं रक्त काढून नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या. लेबलं मीच लावली. लावताना बाहेरच्या बाकावर आई दिसली. निळा स्वेटर, डोक्याला रुमाल, शेवटी शेवटी असायची तशी. पुन्हा पाहिलं तर बाक रिकामा.

२ एप्रिल
निकाल आला. माझ्यात दोष नाही. धाकटीत आहे.
मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. इथे लिहिते, कारण हे दुसरीकडे कुठे सांगणार?
धाकटी रडली नाही. उलट मलाच जवळ घेऊन म्हणाली, बरं झालं ताई, तू सुटलीस. स्तन आणि अंडाशय, सगळं काढून टाकणार म्हणते. एकोणतीस वर्षांची आहे. लग्नाला वर्षही झालेलं नाही.

५ एप्रिल
निकाल स्वच्छ आहे, तरी आंघोळीत हात काखेकडे जातो. तिथेच अचानक मनात आलं: ट्रेमध्ये डावीकडची नळी कुणाची होती? आठवेना. आई दिसली तेव्हा एक लेबल माझ्या बोटाला चिकटलेलं होतं. कुणाचं? अदलाबदल झाली असेल तर दोष माझ्यात, तिच्यात नाही.

९ एप्रिल
आई आता रोज येते. भर दुपारी. पेशंटांमध्ये बसते, माझ्याकडे बघत. तिच्यासाठी इतर बायका जरा सरकून घेतात. खरंच सरकतात.

११ एप्रिल
काखेत गाठ. नर्सने चाचपून पाहिलं, काही नाही म्हणाली. आहे. मी बोट ठेवते तिथे आहे.
बाईंना सांगायला दोनदा दारापर्यंत गेले. सांगितलं की पुन्हा तपासणी. आणि पुन्हा तपासणी म्हणजे —

१५ एप्रिल
सांगावंच लागलं नाही. शस्त्रक्रियेआधी दुसरा नमुना घ्यायचाच, दोघींचा घेऊ, बाईच म्हणाल्या. धाकटीने माझा हात दाबला. तिच्या डोळ्यांत आशा. माझ्या —

१६ एप्रिल, सकाळी
रक्त काढून झालं. नर्सला कुणीतरी हाक मारली, ती गेली. दोन भरलेल्या नळ्या, लेबलं अजून लावायचीत. या वेळी पक्कं ठाऊक आहे. उजवी माझी. डावी तिची.
दाराच्या काचेतून धाकटी दिसते. बाकावर एकटीच.
आई इथे आहे. माझ्या मागे. माझ्या मनगटावर तिचा हात — थंड नाही — तापात कपाळावर ठेवायची तसा —
माझ्या नावाचं लेबल सोललंय. हात डावीकडे चाललाय. मी नेत नाही — आई नेते — आईच —
धाकटीने काचेतून पाहिलं. हसली. उठून आत येते —